मुरलेली माती

घरापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता तिच्या पायांना तोंडपाठ होता, आणि त्या सकाळी ती पडली ती त्यामुळेच. पाठ असलेल्या गोष्टीकडे कोण बघत बसतं? डोकं केव्हाच कारखान्यात पोचलेलं आणि शरीर मागून येतंय, अशी तिची चाल. नवरा म्हणायचा, तुझे पाय तुझ्या मागच्या बसने येतात. मोकळ्या मैदानाच्या कोपऱ्यावर वसाहतीसाठी खोल बोअर मारायचं काम चालू होतं. तिथल्या खड्ड्यातला राखाडी चिखल ओसंडून फुटपाथवर आला होता. त्यावर पाय पडला, क्षणभर नुसतं आभाळ दिसलं, आणि मग ती चक्क रस्त्यात बसलेली होती. उजवा तळहात खडीवर घासून सोलवटला होता, चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक गृहस्थ थांबले आणि ‘लागलं का हो?’ म्हणाले. लागलं होतंच. पण ती उठायचं सोडून अंगठा आणि बोट यांच्यात तो चिखल चोळत बसली होती. आधी सावकाश, मग जोरात, मग पुन्हा सावकाश. गृहस्थांना वाटलं, बाईंचं डोकं आपटलं. दुसरं कुणी पडलं असतं तर त्याने चिखलाला चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. तिला ती सोय नव्हती, कारण तो चिखल तिच्या हातचा होता. तिच्या कारखान्यात, तिच्या पद्धतीने केलेली माती, ज्या बोअरसाठी ती माती पहिल्यांदाच कारखान्याबाहेर पडली होती तो हा बोअर. आणि बोटांत आलं होतं ते भलतंच काहीतरी. पाणी वेगळं, गाळ वेगळा, मध्ये कण्या. फाटलेलं दूध असतं तसं. तिने बोटं पुसली, ‘नाही, काही नाही लागलं’ असं त्या गृहस्थांना उशिराच सांगितलं आणि चप्पल शोधली.

बसमध्ये माणसं तिच्यापासून जरा अंग चोरून उभी राहिली, ते बरंच झालं. खिडकीजवळची जागा मिळाली. तळहात चुरचुरत होता. रुमाल गुंडाळला तर आणखी चुरचुरला. तिला वाटलं, ही लाजच असणार, लाज अशीच कुठेतरी एका जागी येऊन बसते. लहानपणी वर्गात उत्तर चुकलं की तिचे कान तापायचे, लग्नात सासूने सगळ्यांसमोर ‘हिला जरा वेळच लागतो’ म्हटलं तेव्हा मान तापली होती, आणि आता या वयात तळहात. वेळ लागतो, हे मात्र खोटं नव्हतं. तिला प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा, आणि मातीलाही लागतो हे तिला इतरांपेक्षा आधी कळलं त्याचं कारणही कदाचित तेच. शहराबाहेरच्या टेकडीतून निघणाऱ्या त्या मातीला कारखान्यात सगळे बहिरी माती म्हणत. बेंटोनाइट म्हणजे फुगणारी चिकणमाती; चांगलं बेंटोनाइट पाण्यात पडलं की फुगतं, पाणी पिऊन दाट होतं; ही माती पाण्याने कितीही हाका मारल्या तरी ढिम्म. तिचे पापुद्रे आतल्या चुन्याने एकमेकांना घट्ट धरून बसलेले. सोडा घातला की चुना बाजूला होतो, सोडियम त्याची जागा घेतं, पकड सुटते आणि पाणी आत शिरतं. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं. पण कोरड्या पुडीवर सोडा भुरभुरवायचा, दोनदा फावडं फिरवायचं, भट्टीत रखरखीत वाळवून पोती शिवायची, ही सगळ्यांची रीत. आणि मग माती ऐकत नाही म्हणून मातीलाच नावं ठेवायची. तिचं म्हणणं साधं होतं. माती आधी ओली करा. सोडा बेताने घाला. जाळीच्या यंत्रातून शेवया काढतात तशी दाबून दाबून मळा. ढीग करून वर कापड घाला आणि मुरू द्या. परत मळा. मग मंद आचेवर वाळवा. हे म्हणणं पटवण्यात तिच्या डोक्याचे केस पांढरे झाले, आणि पटवलं असंही नव्हे, माणसं कंटाळून हो म्हणाली. बोअर खणताना भोकाची भिंत ढासळू नये म्हणून त्यात मातीचा दाट चिखल सोडतात; त्यासाठी ठेकेदाराने एका विहिरीपुरती तिची माती घेतली. वाळूच्या थरात तिने भिंत धरली तर टेकडीची माती पुढे जाणार. नाही धरली तर मुरवायची शेड बंद आणि ती माती पुन्हा तळ्यांच्या तळाला लिंपायला. साहेबांनी हे गोड शब्दांत, पण दोनदा सांगितलं होतं. बस वळणावर कलली, तिने सवयीने सोलवटलेल्या हातानेच दांडी धरली आणि डोळ्यांत पाणी आलं.

प्रयोगशाळेत साहेब तिच्या आधी येऊन बसले होते. ते तिच्याहून बऱ्याच वर्षांनी लहान, मनाने वाईट नाहीत, फक्त घाईत जन्मलेले. चहासुद्धा गरम असतानाच संपवायचे आणि मग जीभ भाजली म्हणायचे. त्यांच्या समोर टेबलावर एक बाटली होती. वर स्वच्छ पाण्याचा थर, खाली गुठळ्या.

‘बोअरच्या रिगवरून आली,’ ते म्हणाले. ‘रात्रीच भिंत थोडी ढासळली म्हणे. ठेकेदाराचा फोन होता. त्यांनी दुसऱ्यांची पावडर मागवलीय, उद्या दुपारी येईल.’

‘मी बघितलाय चिखल.’

‘कधी?’

‘येताना. त्यात बसले होते.’

साहेबांनी तिच्या कपड्यांकडे बघितलं आणि हसू दाबलं. दाबलं हे त्यांचं सौजन्य. ‘मॅडम, सोडा कमी पडतोय. मी पहिल्यापासून सांगतोय. सगळे एवढा घालतात, तुम्ही त्याच्या निम्मा घालता. आता तरी वाढवू या. दुप्पट करू आणि आजच्या आज नवीन पोती पाठवू.’

‘आजच्या आज कशी पाठवणार? मुरायला नको?’

‘मुरू दे, मुरू दे म्हणता म्हणता विहीर बुजायची,’ साहेब म्हणाले, आणि हे त्यांना सुचलेलं वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं असं दिसलं.

ती शेडकडे गेली. बोलण्याने कुणाचं काही होत नाही असं वाटलं की ती शेडकडे जायची. आत थंडावा होता आणि तो ओल्या मातीचा वास, जो घरी गेल्यावरही तिच्या केसांना यायचा आणि नवऱ्याला आवडायचा, निदान तो तसं म्हणायचा. कापडाखाली ढीग होते, गप्प, रुंद, झोपलेल्या जनावरांसारखे. रिगवर गेलेली पोती ज्या ढिगातून गेली त्याचं उरलेलं टोक अजून जागेवर होतं. तिने कापड बाजूला केलं, मुठीएवढं ढेकूळ काढलं, सुरीने कापलं आणि दाराच्या उजेडात धरलं. कापलेल्या जागी मेणासारखी चकाकी होती. अशी चकाकी खोटं बोलत नाही. कच्ची माती कापली की पृष्ठभाग मातकट, भुसभुशीत राहतो. सोडा आतपर्यंत पोचला, पापुद्रे सुटले, की मगच ही चमक येते. पहिल्यांदा ती दिसली होती तेव्हा ती एकटीच होती इथे. कितीतरी फसलेल्या ढिगांनंतर, टिंगलीनंतर, ‘बाईंच्या मुरंब्याला बुरशी आली का?’ असं रोज विचारणाऱ्या जुन्या साहेबांच्या निवृत्तीनंतर. तेव्हा ती सुरी हातात घेऊन किती तरी वेळ नुसती उभी राहिली होती, कुणाला सांगावं हे न सुचून. आणि शेवटी गेटवरच्या पहारेकऱ्याला बोलावून दाखवलं होतं, तो म्हणाला होता, ‘वा, छान साबण झालाय.’ आज तीच चमक हातात होती आणि तरी तिला तिचा भरवसा वाटेना. ढिगाच्या टोकाला चमक असेल, पोटात नसेल. काचेच्या नळीत चिमूटभर माती फुगवणं वेगळं आणि शेकडो पोत्यांना शब्द देणं वेगळं. आपण चिमटीला बघून ढिगाबद्दल बोललो का? इतकी वर्षं लोक म्हणत होते ते खरं आणि आपण नुसत्या हट्टी होतो का? तिने ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला, आतलं ढेकूळ ओढून काढलं, कापलं. चकाकी. आणखी खालचं. तेही चकाकलं. मग कुठेतरी पाणी मुरतंय, ती मोठ्याने म्हणाली, आणि या शेडमध्ये हे वाक्य किती विनोदी आहे हे लक्षात येऊनही तिला हसू आलं नाही.

प्रयोगशाळेच्या मोरीवर तिने हात धुतले. नळाच्या पाण्याने तळहात थंड झाला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेडमध्ये, ढिगात कोपरापर्यंत हात घालूनही, तो फारसा चुरचुरला नव्हता. म्हणजे लाज येते आणि जाते असं काही आहे का? तिने रिगची बाटली उचलली, झाकण उघडलं, वास घेतला, थोडा चिखल तळहातावर ओतला. आणि हात असा पेटला की तिने बाटली जवळजवळ सोडलीच. त्याच क्षणी ती मोरी तिथे राहिली नाही. आईची लाँड्री आली, मागची वाफेने ओली झालेली खोली, रांगेने मांडलेले पाण्याचे मोठे टब, हॉटेलांच्या चादरी, भिंतीशी धुण्याच्या सोड्याचा डबा. ती सायकलवरून पडून आली होती, हात सोललेला, आणि आईला कळू नये म्हणून तिने तो लपवायला पहिला सापडला त्या टबात बुडवला होता. तिने जी किंकाळी फोडली ती पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेली असणार. आईने हात ओढून स्वच्छ पाण्याखाली धरला, फुंकर घातली, आणि रागवायच्या ऐवजी हसली. आईचे स्वतःचे हात तेव्हा कायम भेगाळलेले. रात्री ती त्यांना मलम चोळत बसायची आणि चादरींना शिव्या द्यायची. ‘सोडा आहे तो,’ ती म्हणाली होती. ‘त्याला जखम बरोबर सापडते. आणि एक सांगू का? नवीन बायका वाटेल तेवढा सोडा ओततात, त्यांना वाटतं कपडा जास्त स्वच्छ होईल. कपडा फाटतो. हात बसला की सोडा कमी लागतो.’ तेव्हा ते तिला काही कळलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष फुंकरीकडे होतं.

सोडा. तळहात नळाखाली धरून ती उभी राहिली. ही लाज नव्हतीच. सकाळपासून आपण ज्याला लाज म्हणत होतो ती साधी रसायनाची आग होती, आणि तिला किती जुनं, किती ओळखीचं नाव आपण दिलं. कमी सोडा असता तर जखमेला कळलंही नसतं. या बाटलीत सोडा कमी नव्हता. या बाटलीत सोडा इतका होता की मातीचा कण न् कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या होत्या, पाणी बाहेर फेकलं गेलं होतं. तिने सोड्याचा जोर दाखवणारी रंगपट्टी बुडवली; पट्टी गडद निळी झाली, बघता बघता, शाई सांडावी तशी. मग ढिगातलं ढेकूळ पाण्यात कालवून दुसरी पट्टी बुडवली. ती नुसती हिरवट झाली. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ती हसायला लागली. आधी तोंडातल्या तोंडात, मग चांगली मोठ्याने. साहेब दारात आले तेव्हा ती मोरीला टेकून डोळे पुसत होती.

‘मॅडम, बरं वाटतंय ना?’

‘फार बरं वाटतंय,’ ती म्हणाली. ‘साहेब, कुणीतरी आपल्या मातीत सोडा ओतलाय. आपण घातला तो पुरे होता. हा वरचा आहे.’

‘कोण ओतेल? आणि कशाला? कुणाचं काय वाकडं केलंय आपण?’

हा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि त्याचं उत्तर कारखान्यात नव्हतं. साहेबांच्याच गाडीतून दोघं मैदानावर आले. रिगचा ड्रिलर वयाने मोठा, गळ्यात पंचा, आवाज इंजिनावर मात करायला शिकलेला. सगळे त्याला मामा म्हणत आणि त्याला ते रास्त वाटायचं. तिला बघून तो धावत आला आणि त्याने सकाळच्या पडण्याबद्दल इतक्या मनापासून चौकशी केली की तिला विचारायला अवघड वाटू लागलं. कुत्रेवाल्या गृहस्थांनी बातमी त्याच्यापर्यंत पोचवली होती.

‘मामा, खड्ड्यात चिखल करताना सोडा घालता का?’

‘म्हणजे काय बाई, घालणारच ना,’ मामा म्हणाला. ‘सगळ्यांच्याच पावडरीत घालतो. पावडर मेली कशी झोपलेली असते, सोड्याशिवाय उठत नाही. आमच्या वस्तादांनी शिकवलेलं आहे.’

‘आणि आमच्या मातीत?’

मामाने जरा आवाज खाली आणला. साहेबांकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर आलं ते निखळ प्रेम होतं. ‘तुमची म्हणून जास्तच घातला, बाई. म्हटलं, बाईंची पहिलीच विहीर आहे, माती नवीन आहे, कुठे कमी पडायला नको. वाळू लागली आणि चिखल पातळ वाटला की आणखी टाकायचो. मी पोरांनाही सांगून ठेवलं होतं, हात आखडता घेऊ नका म्हणून.’

साहेबांनी कपाळाला हात लावला. तिला रागवायचं होतं, रागाची जुळवाजुळवही झाली होती, पण त्या चेहऱ्यासमोर ती विस्कटून गेली. आयुष्यभर जिला सगळ्यांनी संशयाने कमी लेखलं, तिच्यावर कुणीतरी पहिल्यांदाच इतका विश्वास टाकला होता की त्याने तिचा घात झाला. ‘मामा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही माझा गळा दाबलात, पण किती मायेने दाबलात.’ मग तिने खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसून त्याला सांगितलं: ही माती झोपलेली नाही, ती आम्ही तिकडेच उठवून पाठवतो. तिला उठलेलीला परत परत हलवलं तर ती चिडते, गोळे होऊन बसते. मामा ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे काय काय येत असेल, मूठमूठ टाकलेला सगळा सोडा येत असेल, असं तिला वाटलं. ‘म्हणजे मीच,’ तो म्हणाला. ‘तुम्हीच,’ ती म्हणाली, ‘आणि आता उद्याही तुम्हीच.’ पलीकडचा मोकळा खड्डा धुऊन काढायचा, त्यात गोडं पाणी आणि नुसती तिची पोती, दुसरं काही नाही. जोराने घुसळायचं आणि सकाळपर्यंत फुगत ठेवायचं. साहेबांनी घड्याळ बघितलं, ठेकेदाराला फोन लावला, बराच वेळ ‘हो’ आणि ‘नाही, तसं नाही’ केलं, आणि येऊन म्हणाले, ‘दुसऱ्यांची पावडर येईपर्यंत आपली. त्यांची गाडी आली आणि आपलं जमलेलं नसलं, तर मॅडम, मी काही करू शकणार नाही.’ हे ते वाईट वाटून म्हणाले. तिला मात्र दिवसभरात पहिल्यांदाच वाईट वाटत नव्हतं.

घरी नवऱ्याने तिच्या हाताला मलम लावलं. तो नकाशे काढणारा माणूस, हात हलका. तिने सगळं सांगितलं, मामाचा चेहरासुद्धा करून दाखवला. तो म्हणाला, ‘अति तिथे माती म्हणतात ते ऐकलं होतं, पण मातीतच अति, हे तुझ्याकडेच घडू शकतं.’ ती हसली. पण मग तो दिवा मालवत असताना तिच्या मनात ते जुनं कुरतडणं परत आलंच. कारण सापडलं म्हणजे काम झालं असं नव्हे. सोडा जास्त होता हे खरं. पण सोडा जास्त नसता तर माती टिकली असती, हे अजून कुणी बघितलेलं नव्हतं. तिनेही नाही. चकाकी बघितली होती, नळी बघितली होती. जमिनीच्या आत, सैल वाळूत, अंधारात, जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे, ती माती काय करते हे तिला कसं माहीत असणार? ‘वेळ लागतो हिला,’ सासू म्हणाली होती. आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्या वाक्याला तिने मनातून कधीच उत्तर दिलं नव्हतं. लागतो तर लागतो, ती अंधाराला म्हणाली. नवरा म्हणाला, ‘काय?’ ‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘झोप.’

सकाळी खड्ड्यातला चिखल बघूनच तिचा जीव भांड्यात पडला. एकजीव, राखाडी, साय धरल्यासारखा गुळगुळीत. मामाने नरसाळ्यातून तो ओतून बघितला. धार सावकाश, अखंड पडत राहिली, आणि मामा तिच्याकडे बघून मान हलवत राहिला. जुना चिखल हळूहळू बाहेर काढत नवा आत सोडला. रॉड फिरू लागले. चिखल पंपाने रॉडच्या पोकळीतून तळाशी जायचा आणि बाहेरच्या बाजूने, कापलेला चुरा पोटात घेऊन, वर यायचा. आधी मुरूम आला, मग वाळू, बारीक, पिवळी, अगदी सैल. इथेच भिंत ढासळली होती. मामा ओठ घट्ट मिटून उभा होता. वाळू येत राहिली, रॉड खाली जात राहिले, भिंत उभी होती. साहेब मधूनमधून रस्त्याकडे, दुसऱ्यांची गाडी येते का बघत होते आणि आपण बघत नाही असं दाखवत होते. तिला स्वतःच्या आनंदाची भीती वाटू लागली होती. आणि नेमकं तेव्हाच इंजिनाने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि ते बंद पडलं.

सगळीकडे एकदम इतकी शांतता झाली की मैदानापलीकडच्या शाळेतला पाढ्यांचा आवाज ऐकू आला. मामाचा चेहरा उतरला. पंपही त्या इंजिनावर, रॉड वर ओढायचं यंत्रही त्याच इंजिनावर. ‘डिझेलमध्ये हवा धरली,’ तो ओरडला आणि पाना घेऊन इंजिनाखाली शिरला. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. वर येता येता अडकलेली सगळी वाळू आता त्या खोल, अरुंद अंधारात लटकलेली होती. चिखल पातळ असेल तर ती सरसर खाली बसेल, रॉडभोवती आवळेल, भिंत मागोमाग येईल, आणि विहीर, रॉड, तिची माती, सगळं तिथेच गाडलं जाईल. चांगला चिखल हलवला की वाहतो आणि सोडला की थिजतो. एवढाच त्याचा गुण. याच्यासाठीच सगळं ओलं करणं, मळणं, मुरवणं. साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी घड्याळ बघितलं नाही, हे तिने नोंदलं. ती खड्ड्याकडे गेली. घुसळणं थांबल्यावर पृष्ठभागावरचे बुडबुडे होते तिथेच थांबले होते, फुटायचं विसरून. तिने बाजूच्या ढिगातली मूठभर वाळू घेतली आणि त्यावर भुरभुरवली. वाळू वरच राहिली. एक कणही बुडाला नाही. पिवळे कण राखाडी सायीवर जिथे पडले तिथे, उन्हात चमकत, निवांत बसून होते. ती वाकून बघत राहिली. म्हणजे आत, खोलवर, जिथे हात पोचत नाही, तिथेही आत्ता हेच चाललं असणार. प्रत्येक कण आपापल्या जागी धरलेला, कुणीही न बघता, कुणाच्याही घाईशिवाय. छातीत काहीतरी भरून आलं, आणि या वेळी त्याला दुसरं नाव द्यायची तिला गरज वाटली नाही. तो अभिमान होता. तिने तो तसाच, पूर्ण, भरू दिला.

इंजिन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि धडधडायला लागलं. मामाने पंप जोडला. दाबाचा काटा झर्रकन वर चढला, धोक्याच्या रेषेपर्यंत गेला, तिथे थरथरला. साहेबांनी तिचं मनगट धरलं आणि त्यांना ते कळलंही नसावं. मग आत कुठेतरी थिजलेला चिखल सुटला. काटा सावकाश उतरला. बोअरच्या तोंडाशी राखाडी चिखल उचंबळून आला, आधी नुसता, मग वाळू घेऊन, जशी अडकली होती तशीच्या तशी, थोडीही न सांडता. मामाने रॉड फिरवले. ते इतके अलगद फिरले की त्याने दांड्यावरून हात काढून पंचाला पुसला आणि परत ठेवला. 

रस्त्यावर दुसऱ्यांची गाडी येऊन उभी राहिली होती. चालक खाली उतरून पोती कुठे टाकायची ते विचारत होता. साहेबांनी त्याला हाताने ‘थांब जरा’ अशी खूण केली, आणि मग विचार बदलून ‘परत ने’ अशी केली.

मामा मात्र बोअरकडेच बघत होता. इतकी वर्षं विहिरी खणून त्याने बंद पडलेले पंप पाहिले होते, अडकलेले रॉड पाहिले होते, पण हे पाहिलं नव्हतं, आणि एकदा पाहून त्याचं पोट भरलेलं नव्हतं. तो तिच्याजवळ आला. ‘बाई,’ तो जरा ओशाळत म्हणाला, ‘परत एकदा बंद करून बघू का?’

‘अहो, काहीतरीच काय,’ साहेब दचकून म्हणाले. ‘भर वाळूत? आत्ता कुठे सुटलोय.’

‘बघू की,’ ती म्हणाली. ‘करा बंद, मामा.’

‘किती वेळ ठेवू?’

तिने उन्हाकडे बघितलं. भूक लागली होती, कालपासून पहिल्यांदा, सणसणीत. ‘माझं जेवण होईपर्यंत,’ ती म्हणाली.

मामाने पंप बंद केला. ती आपल्या पोत्यांच्या थप्पीवर चढून बसली, डबा उघडला आणि सावकाश जेवू लागली.